सगळी शाळा हडकुळी!

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं फजिती करून घ्यावी, पण ती घरात, दार लावून. मी करून घेतली ती दोनशे पोरं, एक हेडमास्तर आणि जिल्ह्याच्या साहेबांसमोर. हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याचा. धरणगावच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर म्हणून नवाच लागलो होतो. नोकरी कच्ची. तिकडे धुळ्याला लग्न ठरल्यासारखं होतं, पण मुलीचे वडील, आबा, एकच वाक्य धरून बसलेले: "आधी कायम व्हा, मग अक्षता." म्हणजे माझं लग्न हेडमास्तरांच्या सहीवर अडलेलं!

त्यात वरून हुकूम आला. सगळ्या मुलांची शारीरिक क्षमता चाचणी घ्या. धावणं, लांब उडी, गोळाफेक. आणि त्याआधी प्रत्येकाची उंची नि वजन लिहून जळगावला पाठवा.

उंची सोपी. भिंतीवर खडूनं रेघा मारल्या, झालं. पण वजन? शाळेत वजनकाटाच नव्हता!

शाळेला लागून कापसाचं जिनिंग होतं. तिथे मोठा काटा आणि त्या काट्यावर नाना मापाडी. नानांनी चाळीस वर्षं कापूस तोललेला. देव एखाद्या वेळी चुकेल, नानांचं माप चुकणार नाही, असं गाव म्हणायचं. मी जाऊन हात जोडले.

"लई या बठ्ठा पोरं," नाना अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळी पोरं घेऊन या. "त्यामा काय शे?"

आणि खरंच! एकेक पोर काट्यावर चढतंय, नाना डोळे बारीक करून बघतायत, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतायत आणि खणखणीत आवाजात आकडा सांगतायत. मी आपला लिहितोय. सकाळी सुरू केलं, संध्याकाळी दोनशे पोरं तोलून मोकळी! मी त्या आकड्यांकडे नीट बघितलंसुद्धा नाही. वळणदार अक्षरात तक्ता केला, खाली झोकात सही ठोकली आणि दिला पाठवून.

आठ दिवसांत जळगावचं पत्र आलं. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"काय हो, हे काय? आपली शाळा जिल्ह्यात सगळ्यांत हडकुळी निघाली!"

"सर, पोरं तर चांगली दिसतात..."

"दिसतात? महिन्याभरात साहेब येतायत, डॉक्टरांना घेऊन. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. पोरांची वजनं वाढली नाहीत, तर तो तिथेच राहील!"

माझ्या कपाळाला मुंडावळ्या लागायच्या आधीच सुटल्या.

मग काय, हात धुऊन पोरांच्या मागे लागलो. सकाळी कवायत, मग मूठभर भिजवलेले शेंगदाणे, वर केळी. ज्यांच्या केळीच्या बागा होत्या त्या पालकांकडून घडच्या घड मागून आणले. गावभर बोभाटा झाला, शाळेतली पोरं वाळली म्हणून! एक अक्का तर पदर खोचून थेट वर्गात आल्या.

"मास्तर, मन्हा पोऱ्याले मी काय उपाशी ठेवस का? बठ्ठा गावमा मन्हं नाव खराब कयं तुम्ही!"

पोऱ्या त्यांच्या मागे उभा होता, आणि अक्कांच्या दोन्ही बाजूंनी दिसत होता. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? मी त्याला आणखी एक केळं दिलं.

साहेब आले. डॉक्टर आले, ते स्वतःचा काटा घेऊन. पहिलं पोर चढलं: तीन किलो वाढलेलं. दुसरं चढलं, तेही तीनच्या आसपास. दहावं, विसावं, पन्नासावं, सगळी वाढलेली! डॉक्टर चष्मा पुसायला लागले. साहेब खुर्चीतून उठून माझ्याकडे आले.

"मास्तर, हे केलंत तरी कसं?"

इथे गप्प बसावं ना माणसानं? छे! मी कवायतीवर बोललो, केळ्यावर बोललो, शेंगदाणा किती तास भिजवावा यावर दहा मिनिटं बोललो. ही पद्धत माझीच, असंही ठोकून दिलं. साहेब इतके खूश झाले, की म्हणाले, "धुळ्याला शिक्षकांचं शिबिर आहे. तिथे तुम्ही भाषण द्यायचं."

धुळ्याला! म्हणजे आबांच्या दारात! मला स्टेजवरचे हार दिसायला लागले.

डॉक्टरांना मात्र शंका. "पण आधीची वजनं बरोबर होती कशावरून?"

"कशावरून? नानांना बोलवा!" हे वाक्य माझंच बरं का. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय!

नाना धोतराला चिकटलेला कापूस झटकत आले.

"नाना, सांगा साहेबांना. आधी पोरं कोणी तोलली?"

"मीच तोलेल शेतस," नाना ताठ मानेनं म्हणाले. "आनि कडताबी बराबर कापेल शे. दर पोरामांगे तीन किलो."

"कसला कडता?" साहेबांनी विचारलं.

"कपडासना, खिसामाना गोट्यासना, डोकामाना तेलना! बठ्ठा माल कडता कापीसनच तोलनं पडस ना, साहेब!"

बाजारात कापूस तोलला की गोणीपायी, ओलाव्यापायी थोडं वजन वजा करतात, तो कडता. चाळीस वर्षांच्या सवयीनं नानांनी तो पोरांनाही लावला होता! महिनाभर केळी चारून एकाही पोराचं वजन छटाकभरही वाढलं नव्हतं. आणि मी शोधलेली पद्धत? ती नानांच्या ओठांतली वजाबाकी होती.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. साहेब आधी लालबुंद झाले, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि शाळेच्या शेराबुकात लिहिलं:

"मुलांची प्रकृती उत्तम. शिक्षक मेहनती, कायम करण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्या बोलण्यातून दर वेळी तीन किलो कडता कापावा."

कायम झाल्याचा पुरावा म्हणून त्या शेऱ्याची नक्कल धुळ्याला आबांना दाखवणं भाग होतं. आबांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सूर्यनमस्कार तुम्ही रोज किती घालता म्हणाला होतात?"

"शंभर."

"सत्त्याण्णव धरतो. काढू या मुहूर्त."

मी लगेच मान डोलावली. खरा आकडा बारा होता, हे आजतागायत आबांच्या मुलीशिवाय कोणाला ठाऊक नाही!