मशीनमागचं पुडकं

फुटबॉल क्लबाच्या धुलाईखोलीत नाकमावशींनी बावीस वर्षं काढली आणि या बावीस वर्षांत त्यांनी कोणावरही पुरता विश्वास ठेवला नाही. पावडरवाल्या दुकानदारावर नाही, मशीनवर नाही आणि खेळाडूंवर तर नाहीच नाही. "मावशी, आज मी नुसती बाकावर बसून होते, जर्सी धुऊ नका," असं कोणी म्हणालं, की मावशी जर्सी उलटी करून काखेतली शिवण नाकाशी धरायच्या. "बसून एवढा घाम? बाक पळत होतं का?"

नाकमावशी हे नाव त्यांना खेळाडूंनीच दिलं होतं. धुऊन वाळलेला प्रत्येक कपडा त्या नाकाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि मगच म्हणायच्या, "पास." नापास झालेला कपडा परत टबात जायचा, मग तो कॅप्टनचा असो नाहीतर सेक्रेटरीसाहेबांच्या भाचीचा. खेळाचे कपडे धुणं हे येरागबाळ्याचं काम नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. जर्सी उलटी करायची, थंड पाण्यात व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायची, पावडर एकच चमचा आणि वाळवायची वाऱ्यावर. ग्लोव्हजमध्ये आणि नडगीच्या पॅडमध्ये खायचा सोडा भुरभुरून ठेवायचा आणि सकाळी झटकायचा. सुगंधी सॉफ्टनर तर खोलीच्या उंबरठ्याच्या आत आणायचा नाही. "घामाला अत्तर लावलं की घाम जात नाही, नटून बसतो," असं त्या सगळ्यांना ऐकवायच्या. हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस त्या मैदानावर नव्हता.

चार महिन्यांपूर्वी मावशींना ताप आला. ताप पाच दिवसांत गेला आणि जाताना नाक घेऊन गेला.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, सर्दी आहे. मग महिना झाला. घरी गॅसवर दूध करपून भांडं काळं झालं आणि त्या शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. सून धावत आली. "आई, अहो, वास नाही आला?"

"आला की. मला वाटलं, शेजारी जळतंय," मावशी म्हणाल्या. त्या दिवसापासून सुनेच्या नजरेत त्यांना काहीतरी दिसायला लागलं. पोरगी बोलत नाही म्हणजे तिला कळलं असणार. आता ही नवऱ्याला सांगणार आणि तो म्हणणार, आई, पुरे झालं काम, बस घरी. डॉक्टरांनी "येईल हळूहळू, कदाचित" असं म्हणून हात झटकले होते. त्यातला "कदाचित" मावशींनी घरी सांगितलाच नव्हता, कारण डॉक्टरांकडे गेल्याचंच सांगितलं नव्हतं.

क्लबात तर ब्रही काढला नाही. नाक नसलेली नाकमावशी कोण ठेवून घेईल? त्या रोज कपडा नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या, मनात तीन मोजायच्या आणि म्हणायच्या, "पास." आणि भीतीपोटी त्यांनी ते केलं जे आयुष्यात कोणाला करू दिलं नव्हतं. एक चमचा पावडरीचे तीन चमचे झाले. कपाटाच्या मागे, पोत्याखाली, सुगंधी सॉफ्टनरची बाटली आली. तिच्यावरचं लेबल मावशींनी नखाने खरवडून काढलं होतं.

मग तक्रारी सुरू झाल्या. जर्सी हातात घेताना फुलांच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं, पण अंग तापलं की दहा मिनिटांत असा दर्प सुटतो की प्रतिस्पर्धी लांब पळतात. सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ते धुलाईखोलीत येऊन म्हणाले, "मावशी, रविवारच्या सामन्यात पुन्हा तक्रार आली तर कपडे बाहेरच्या लाँड्रीला जातील. त्यांची गाडी येते, घेऊन जाते, आणून देते. मग मी तरी काय करू?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मावशींचं झालं. जो तो आपली परीक्षा घेतोय असं त्यांना वाटू लागलं. गोलकीपर पोरगी एकदा सहज म्हणाली, "मावशी, छान वास येतोय, कुठल्या फुलाचा हो?" मावशींनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला ज्याचा येतोय, त्याचाच." पोरगी हसली. का हसली, याचा मावशी दोन दिवस विचार करत होत्या.

पण खरा संशय होता तो घुम्याकाकांवर.

घुम्याकाका मैदान सांभाळायचे. गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, पहाटे साडेपाचला फाटक उघडायचं. क्लबातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा. दिवसाला चार शब्द बोलायचे आणि त्यातले दोन "हं" असायचे. तीन महिन्यांपूर्वी ते भर दुपारी धुलाईखोलीत आले. मावशी मशीनला पाठ टेकून डबा खात होत्या. काकांनी त्यांना हाताने बाजूला व्हायची खूण केली, मशीन पुढे ओढलं, मागे वाकले, वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलं आणि पुडकं घेऊन चालू लागले.

"काय हो ते?" मावशींनी विचारलं.

"काही नाही."

मावशींनी हातातला घास तसाच ठेवून अख्खी खोली तपासली. चिमटे मोजले, बादल्या मोजल्या, साबण मोजले. काहीच गेलं नव्हतं. काही गेलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. काहीच गेलं नाही, म्हणजे माणूस चांगलाच पोचलेला होता.

तेव्हापासून कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि तेही अगदी खरोखरीचं. मावशी सात वाजता यायच्या तेव्हा टब ओला असायचा. आदल्या संध्याकाळी वाळवून घडी घातलेल्या जर्सींपैकी सात-आठ उलट्या होऊन ओल्या लटकत असायच्या. मावशींनी व्हिनेगरच्या बाटलीला दोरा बांधून खूण केली. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर दोऱ्याच्या दोन बोटं खाली होतं. म्हणजे कोणीतरी त्यांच्या कपड्यांत ढवळाढवळ करत होतं. तक्रारी का येतात, याचं उत्तर त्यांना मिळालं आणि उत्तर मिळाल्याचा त्यांना केवढा आनंद झाला! त्या त्या ओल्या जर्सी ओढून काढायच्या, तीन चमचे पावडर टाकून परत धुवायच्या आणि वर सॉफ्टनरचं एक टोपण जास्त ओतायच्या.

गुरुवारी त्या सुनेला न सांगता पहाटेच निघाल्या आणि पावणेसहाला क्लबात पोहोचल्या. धुलाईखोलीचं दार उघडं होतं. आत घुम्याकाका टबावर ओणवे झाले होते. बाह्या वर सारलेल्या, हातात गोलकीपरचे ग्लोव्हज, आणि ते ग्लोव्हज चक्क नाकाला लावलेले.

"सापडलात!" मावशी ओरडल्या. "माझ्या पोटावर पाय देता? तरीच म्हटलं, ही घाण येते कुठून!"

काकांनी ग्लोव्हज खाली ठेवले. आणि ते हात पुसत बाहेर गेले. तेही मावशींना कबुलीच वाटली.

आठ वाजता सेक्रेटरीसाहेब आले. मावशींनी त्यांच्या खोलीत उभं राहून दोऱ्यापासून पुडक्यापर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी काकांना बोलावून विचारलं, "रोज पहाटे धुलाईखोलीत जाता?"

"हं."

"कपडे भिजवता?"

"हं."

"कशासाठी?"

काकांनी एकदा मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान ताठ केली. काका जमिनीकडे पाहत म्हणाले, "असंच."

असंच म्हणणाऱ्या माणसाला साहेब तरी कुठवर सांभाळणार? त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला, काकांना उद्यापासून मागच्या फाटकावर बसायला सांगितलं आणि मैदानाला दुसरा माणूस बघतो म्हणाले. काकांनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. अठरा वर्षं ज्या गवताची त्यांनी निगा राखली, त्याच्या कडेकडेने ते निघून गेले. मावशींना जिंकल्यासारखं वाटलं. पण रात्री जेवताना घास काही गोड लागला नाही. तसाही चार महिने तो लागत नव्हताच.

शुक्रवारी दुपारी गोलकीपर पोरगी ग्लोव्हज घेऊन आली. दारातच थांबली आणि इकडेतिकडे बघू लागली.

"काय हवंय?" मावशींनी विचारलं.

"काका मैदानावर नाहीत, इथंही नाहीत? मग ग्लोव्हज कोणाला दाखवू?"

"कोणाला म्हणजे? बावीस वर्षं इथं कोण बसलंय?"

पोरगी चपापली. मग चाचरत म्हणाली, "तसं नाही, मावशी. काका म्हणाले होते, मावशींचं नाक जरा बंद आहे, तोवर मला देत जा. मावशींना काही बोलायचं नाही."

मावशींच्या हातातला चिमटा खाली पडला. "नाक बंद आहे? कोण म्हणतं?"

"अहो, तो उंदीर मेला होता ना, मशीनच्या मागे. तीन दिवस आम्ही श्वास रोखून कपडे न्यायला यायचो आणि तुम्ही तिथंच टेकून डबा खात होतात. मग काकांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. त्यांनीच आम्हाला गप्प बसायला सांगितलं."

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

पोरीने मान खाली घातली. "सगळ्या टीमला."

मावशी स्टुलावर बसल्या. तीन महिने त्या डोळे मिटून, तीन मोजून "पास" म्हणत होत्या आणि समोर अठरा पोरी तोंडाला तोंड न देता, न हसता, शहाण्यासारख्या उभ्या राहत होत्या. मावशींना भयंकर लाज वाटली. इतकी, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्या लाजेच्या खालून दुसरी गोष्ट वर आली. काका पहाटे सॉफ्टनरचा जो थर व्हिनेगरच्या पाण्याने उतरवत होते, तोच थर मावशी सात वाजता येऊन पुन्हा चढवत होत्या. घामाला अत्तर लावलं की तो नटून बसतो. हे काकांना कोणी शिकवलं होतं? अठरा वर्षं खिडकीबाहेर रेघा मारता मारता त्यांनी मावशींची सगळी बडबड ऐकली होती आणि तीच मावशींनी पाळली नव्हती.

वाटलं, गप्प बसावं. साहेबांना अजून काहीच माहीत नव्हतं. पोरी बोलणार नव्हत्या, काका तर मेले तरी बोलले नसते. सॉफ्टनर फेकून दिला, नीट भिजवलं, तर रविवार निभावलाही असता. पाच मिनिटं मावशी हा हिशेब मांडत बसल्या. मग त्यांनी पोत्याखालची बाटली काढली आणि तशीच हातात घेऊन सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, माझं नाक गेलंय. चार महिने झाले. हे मी ओतत होते," त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, "आणि ते काढत होते. किल्ल्या त्यांना परत द्या."

साहेबांनी बाटली उचलून खरवडलेल्या लेबलवरून बोट फिरवलं. "मग मावशी, कपडे पास कोण करणार?"

"ते करतील. मी धुवेन. पटत नसेल तर बोलवा तुमची गाडी."

साहेबांनी खण उघडून जुडगा काढला. "रविवारचा सामना होऊ दे, मग तुमचं बघू," एवढंच ते म्हणाले.

घुम्याकाका मागच्या फाटकाशी खुर्ची पुसत होते. मावशींनी जुडगा त्यांच्यापुढे धरला. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"उंदीर केवढा होता हो?" त्या म्हणाल्या.

काकांनी विचार करून दोन हातांत माप दाखवलं. "मोठा."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मावशींनी जुडगा त्यांच्या हातात कोंबला. दोघं धुलाईखोलीत आले. मावशींनी सकाळी धुतलेल्यांतली एक जर्सी दोरीवरून काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी काख उलटी केली, नाकाशी धरली, डोळेसुद्धा मिटले आणि म्हणाले, "नापास."

मावशींनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. कालचा राग काढत असेल का हा माणूस? त्यांनी जर्सी त्यांच्या हातातून ओढली, आपल्या नाकाशी नेली आणि जोरात श्वास घेतला. काहीही नव्हतं. मग त्यांनी ती उलटी केली, टबात सोडली आणि व्हिनेगरची बाटली उघडली.