मागची सीट

नालासोपाऱ्यात गाड्यांसाठी स्पीकरची खोकी बनवणारा एक जण आहे. तो कशावरही आधी टकटक करून कान लावतो. प्लायवर, पत्र्यावर, चहाच्या ग्लासवरसुद्धा. माणसाचं मात्र अर्धंच ऐकतो. "टेन्शन नाय, अंकल!"

पपांची जुनी फियाट मी दुरुस्त करून पुन्हा उभी करत होतो. गावातल्या कितीतरी नवऱ्या तिच्या मागच्या सीटवर बसून चर्चला गेल्या, माझी बायकोसुद्धा. खोकं डिकीतच बसव, असं मी त्याला बजावलं होतं. याने सीट उचकटून भंगारात घातली आणि तिथे भलंमोठं खोकं ठोकलं.

मी ओरडलो. तो खोक्यावर टकटक करत म्हणाला, "एकटेच तर येता, अंकल. मागे बसतंय कोण?"

अर्धंच ऐकणाऱ्या मेल्याला तेवढं मात्र बरोबर कळलं होतं.