गुंडू वस्तादाचा लसूण

तालमीतल्या हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती उकरायला सगळे मधूनच सुरुवात करतात. तिथं माती मऊ असते आणि केलेलं काम दिसतं. गुंडू कोपऱ्यापासून सुरू करतो. मी फौंड्रीत जन्म काढला; कामचुकार माणूस तिथंही साच्याचा कोपराच कच्चा सोडतो. माणूस कामाला कसा आहे, ते मला त्याच्या कोपऱ्यावरून कळतं.

गुंडू माझ्याच खात्यात भट्टीवर होता. ड्यूटी सुटली की शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत वस्ताद. साठी उलटल्यावर त्याच्या हृदयाची एक नळी तुंबली. डॉक्टरांनी स्टेंट बसवला आणि रक्त पातळ राहायची गोळी कायमची लावली. ती त्यानं कधी चुकवली नाही.

मग त्याचा जुना पठ्ठा विजयसिंह पुण्याहून लसणाच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आला. हृदयाला चांगल्या असतात, म्हणाला. गुंडूनं एक फोडून वास घेतला आणि बाटली तालमीच्या फडताळात बदाम-तुपाशेजारी ठेवली. घरच्या गोळ्यांच्या डब्यात नाही. तालमीची रीतच तशी. शेतातून आलेलं आणि अंगाला लागणारं ते सगळं खुराक, आणि खुराक कुणी डॉक्टरला सांगत नाही. आपल्याला बरं वाटतंय म्हणून त्यानं आणखी काही जणांना कॅप्सूल नेऊन दिल्या. त्यात आमचा कुस्तीतला जुना जोडीदार मौलाही होता. त्यालाही गुंडूसारखीच गोळी चालू होती.

गेल्या वर्षी गुंडूला हर्निया झाला. ऑपरेशन होईपर्यंत खोऱ्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. परत हौद्यात उतरता येणार की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला मी आणि त्याची बायको धोंडुबाई बरोबर गेलो. गुंडूनं गोळ्यांचा डबा टेबलावर पालथा केला. डॉक्टरांनी एकेक पाकीट बघितलं. मग त्याच्या दंडावरचे काळेनिळे डाग बघून ते थांबले. पैलवानाच्या अंगावर हे असायचंच, गुंडू म्हणाला. पण हर्निया झाल्यापासून तो हौद्यात उतरलाच नव्हता. मी तसं सांगितलं. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, असं धोंडुबाईनं सांगितलं. आणखी काही घेता का, डॉक्टरांनी विचारलं. गुंडूनं नाही म्हणून मान हलवली.

"आनि त्यो लसूण?" धोंडुबाई म्हणाली.

"त्ये औषध न्हाय. खुराक हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जेवणातला लसूण खा, चटणी खा, त्याला ना नाही, ते म्हणाले. पण कॅप्सूलमधला अर्क रक्त गोठण्याच्या आड येऊ शकतो, आणि वर तुमची गोळी आहेच. हे न कळता मी पोट उघडलं असतं, तर रक्त थांबवताना माझी परीक्षा झाली असती. कॅप्सूल बंद झाल्या. गोळी मात्र आपल्या मनानं थांबवायची नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. ऑपरेशन पुढं ढकललं.

रिक्षानं परत निघालो. घरी न जाता गुंडू तालमीपाशी उतरला. सरावाची वेळ होती, पोरं लंगोट कसून उभी होती. पोरांसमोर वस्तादानं चूक कबूल करायची आमच्याकडं पद्धत नाही. गुंडू हौद्याच्या काठावर उभा राहिला.

"लसणात माझी पाठ टेकली," तो म्हणाला. "माझं ऐकून जेनी सुरू केलंय, त्येनी आदी आपल्या डाक्टरला सांगा."

कुणी हसलं नाही.

कॅप्सूल घेणारे जे तालमीत नव्हते, त्यांना फोन कर, असं मी म्हणालो. द्यायला चालत गेलतो, सांगायलाबी चालतच जायचं, गुंडू म्हणाला. मी बरोबर निघालो. मौलाकडं शेवटी पोचलो. मौलाला दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ काढायची होती, आणि दातांच्या डॉक्टरला तो लसणाचं बोलला नव्हता. त्याच्या हिशेबीही तो खुराकच. त्याच्या बायकोनं, मेहमुदाभाभींनी, तिथंच दवाखान्यात फोन लावला. दाढ काढायचं पुढं ढकललं.

"वस्ताद, जन्मभर तुझी पाठ बघायला झटलो," मौला म्हणाला. "दावलीस ती आज, माझ्या उंबऱ्यात."

"बघून घे. परत दिसायची न्हाय."

ऑपरेशन नीट झालं. सांगितलेली विश्रांतीही गुंडूनं व्यायामासारखी नेमानं घेतली. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत खोऱ्याकडं बघितलं नाही.

गेल्या आठवड्यात ताक-तेल घालून हौदा नव्यानं करायचा होता. पोरांनी मधली माती घेतली. गुंडू कोपऱ्यात उतरला. त्याचं झाल्यावर मी खाली उतरलो आणि त्या कोपऱ्यात पाय दाबून बघितला. मऊ मातीत घोट्याच्या वर गेला.