अख्ख्या वर्गाचं महाबळेश्वर

इंग्रजीच्या गाइडांवर माझा राग जुना आहे. हदगावला शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा नोकरीभर मी त्या चकचकीत पुठ्ठ्यांच्या पुस्तकांशी भांडले. 'माझा आवडता ऋतू' म्हटलं की वसंत. वसंत हा ऋतूंचा राजा, माझ्या घराशेजारी एक सुंदर बाग आहे, बागेत कोकिळा गाते. कापसाच्या आणि सोयाबीनच्या रानातून चालत येणारी पोरं हेच पाठ करायची, हेच लिहायची आणि त्यांना मार्कही मिळायचे. एखाद्याला विचारावं, "बाबा, तुझ्या घराशेजारी काय आहे?" तर तो घाबरून माझ्याकडे बघायचा. वाक्याचा आणि आपल्या घराचा काही संबंध असू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं.

निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी दुपारी घरच्या पुढच्या खोलीत बायकांचा एक लहानसा वर्ग सुरू केला. शाळा मध्येच सुटलेल्या आणि आता बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या या बायका. बाकी विषय त्या कसेबसे ओढून न्यायच्या, इंग्रजीला मात्र हात टेकायच्या. त्यातल्या दोघींचीच ही गोष्ट आहे. एक जवळच्या खेड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. शेतकरी घरातली, चाळिशीला आलेली, मोठ्या आवाजात बोलणारी. दुसरी गावातल्याच मोमिनपुऱ्याकडची. नवरा-बायको दोघं शिलाई करायचे. ती कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची.

पहिल्याच रविवारी मी गाइडातला तो वसंत वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला.

मदतनीस म्हणाली, "बाई, आपल्याकडं कुठं वसंत असतो वो? थंडी सरली की ऊनच हाय."

शिलाईवाली हळूच म्हणाली, "और हमारे बाजू में गार्डन नहीं मॅडम, नाली है."

"मग तेच लिहायचं," मी म्हटलं.

"नाली?"

"नाली."

दोघी हसल्या. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. पण आम्ही खरोखर तिथूनच सुरुवात केली. आधी आपल्या भाषेत एक खरी गोष्ट सांगायची, मग तिचं इंग्रजी करायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत ते मधेच घुसतं, याचा मदतनीसबाईला फार राग यायचा. 'आय राइस ईट' हे तिच्या तोंडून जायला थंडी सरली. "आधी खाल्लं म्हणायचं आन् मग भात? ताटात काय हाय ते तर आधी सांगावं लागंल की!" टिंबाचंही तसंच. दोघी पानभर न थांबता लिहायच्या. मी सांगितलं, एक गोष्ट सांगून झाली की टिंब द्या आणि श्वास घ्या. मग त्या लिहिताना खरंच श्वास घ्यायच्या, मला ऐकू यायचा.

परिच्छेद म्हणजे काय, हे समजावताना मी म्हटलं, "एका चुलीवर जेवणारं घर. या घरातली वाक्यं एकाच गोष्टीबद्दल बोलतात. जे दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतं, त्याची चूल वेगळी."

मदतनीस लगेच म्हणाली, "म्हणजे जावेचं वाक्य वायलं काढायचं."

परीक्षा जवळ आली तोवर दोघींना आपल्या मनानं सहा-सात वाक्यं मांडता येत होती. काळ चुकायचे, 'द' कधी यायचा कधी राहून जायचा. पण वाक्यं त्यांची असायची. मला त्याचा किती आनंद होता, ते मी त्यांना पुरेसं बोलूनही दाखवलं नाही. एकदम शेफारतील, असं जुन्या मास्तरणीसारखं वाटायचं.

परीक्षेचं केंद्र आलं लांबच्या एका खेड्यातल्या शाळेत. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी संध्याकाळी दोघी बसस्टँडवरून थेट माझ्याकडे आल्या. मी चहा टाकला. शिलाईवाली भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

मदतनीसनं सांगितलं ते असं. 'माझ्या आयुष्यातला आठवणीतला दिवस' यावर परिच्छेद लिहायचा होता. पोरं पेन चावत बसली होती. तेवढ्यात खोलीवरचे सर उठले, दार लोटून घेतलं आणि फळ्यावर आख्खा परिच्छेद लिहून काढला. काकांच्या गाडीतून महाबळेश्वरला गेलो, धुकं पाहिलं, स्ट्रॉबेरी खाल्ली, तो दिवस मी कधीच विसरणार नाही. म्हणाले, जसंच्या तसं उतरवा, आपल्या केंद्राचा निकाल चांगला लागला पाहिजे. सगळ्या खोलीनं उतरवलं.

"मी म्हणलं, सर, माझं मी लिहून राहिले," मदतनीस सांगत होती. "तर म्हणतेत, ओ बाई, या वयात नाटकं नकोत, फळ्यावरचं लिहा. मी मान खाली घातली आन् माझंच लिहिलं. ही मात्र पार घाबरली."

शिलाईवाली पदराआडून म्हणाली, "मैं क्या करती मॅडम? सर मेरे सर पे खडे थे. मेरा लिखा हुआ आधा हो गया था. वो बोले, काटो. मैंने काट दिया."

"तुझं तू काय लिहिलं होतंस?"

"मेरी पहली मशीन आई, वो दिन."

पायावर चालणारी, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली शिलाई मशीन घरी आली तो दिवस. तो तिनं एका माणसाच्या हुकमावरून स्वतःच्या हातानं खोडला आणि त्यावर महाबळेश्वर लिहिलं. नांदेडच्या पुढे कधी न गेलेल्या बाईनं. शिक्षकानं आख्खा पेपर फोडला असता, तरी मला इतका संताप आला नसता. वर्षभर ही बाई एकेक वाक्य शिवत होती आणि या गृहस्थानं दोन मिनिटांत सगळी शिवण उसवली!

पुढे आणखी वाईट झालं. पेपर संपायच्या आत भरारी पथक आलं होतं. सरांनी फळा पुसला होता, पण उत्तरपत्रिका पुसता येत नाहीत. अख्ख्या खोलीचा आठवणीतला दिवस एकच निघाला. सगळ्यांना एकच काका, एकच गाडी, एकच धुकं. खोलीतल्या सगळ्यांचे निकाल राखून ठेवले गेले, मदतनीसबाईचासुद्धा, आणि सगळ्यांना लातूरला बोर्डाच्या कार्यालयात सुनावणीला बोलावलं.

मी दोघींबरोबर गेले. कार्यालयाच्या बाहेर बाकांवर पोरं आणि त्यांचे बाप मान खाली घालून बसले होते. कुणीतरी पोरांना पढवून ठेवलं होतं, की फळ्यावर काही नव्हतं, आम्ही सगळ्यांनी एकाच गाइडातून पाठ केलं होतं. एकेक पोरगं आत जाऊन तेच सांगून येत होतं. म्हणजे जबाबसुद्धा पाठांतराचाच!

मदतनीसबाईची पाळी आली तेव्हा मी शिक्षिका म्हणून आत गेले. टेबलामागचे साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "फळ्यावर काही लिहिलं होतं?"

"हाव. सरांनी लिहिलं."

साहेबांनी मान वर केली. "लेखी द्याल?"

"देते की."

मग त्यांनी तिची उत्तरपत्रिका पुढे ओढली. "सगळ्यांत हाच एक परिच्छेद वेगळा आहे. बाई, हा तुम्ही कुठून उतरवला?"

ऐकून माझं डोकंच फिरलं. बाकीच्या सगळ्यांनी उतरवलं म्हणून ते दोषी, आणि हिचं कुणाशी जुळत नाही म्हणून हिच्यावरही संशय! मी म्हटलं, "साहेब, यातल्या चुका बघा. छापलेल्या गाइडात असल्या चुका तुम्हाला सापडतील का?"

त्यांनी वाचायला घेतलं. वाऱ्यानं अंगणवाडीचे पत्रे उडाले त्या दिवसाबद्दल तिनं लिहिलं होतं. 'द विंड टेक अवर रूफ. ऑल चिल्ड्रन क्राय. आय ॲम ऑल्सो क्राय, बट इनसाइड.' वारा आमचं छप्पर घेऊन गेला, पोरं रडली, मीही रडले, पण आतून. साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग कोरा कागद सरकवून म्हणाले, "नियमाप्रमाणे इथं थोडं लिहून दाखवावं लागेल."

तिनं पदरानं हात पुसले आणि लिहिलं. सकाळची बस, बसमधली गर्दी, हे ऑफिस. मधेमधे थांबून श्वास घेत होती. साहेबांनी कागद वाचला, फाइलला लावला आणि "ठीक आहे, जा" एवढंच म्हणाले.

शिलाईवालीनंही आत जाऊन खरं ते सांगितलं, आधीचं खोडलेलंही दाखवलं. खोडलेल्या ओळी वाचता येत होत्या. पण नियम तो नियम. मदतनीसबाईचा निकाल सुटला. इंग्रजीत ती काठावर पास होती. शिलाईवालीचा इंग्रजीचा पेपर रद्द झाला.

ती काही रविवार आलीच नाही. शेवटी मी तिच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती, पाय थांबवले नाहीत. मी शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. हातातली शिवण संपली तशी ती म्हणाली, "मॅडम, आप नाराज हैं मेरे पे?"

"तुझ्यावर नाही गं."

"फिर ठीक है."

पुरवणी परीक्षेला ती बसली, केंद्र दुसरं मिळालं, आणि पास झाली. या वेळी कोणी मधे आलं नाही, एवढंच तिनं सांगितलं.

आणि ते सर? चौकशी चालू आहे, असं मला प्रत्येक वेळी सांगण्यात आलं. पुढच्या परीक्षेआधी तालुक्यात कॉपीमुक्तीचा कार्यक्रम झाला, जुन्या शिक्षिका म्हणून मलाही बोलावणं होतं. मंचावर माइक धरून मुलांना शपथ द्यायला तेच सर उभे राहिले. मुलांनी हात पुढे केले. सर एकेक ओळ म्हणत होते आणि मुलं त्यांच्या मागून तीच ओळ म्हणत होती.

मी खुर्चीतून उठले आणि होत्या त्या आवाजात म्हटलं, "अहो, मागच्या साली फळ्यावर महाबळेश्वर कुणी लिहिलं, ते आधी या मुलांना सांगा!"

माइक मधेच थांबला. मागच्या रांगेतली काही मुलं हसली. कुणीतरी माझ्या कोपराला धरून "मॅडम, बसा, बसा" करत होतं. सरांनी घसा खाकरला आणि शपथ पुढे चालू केली.

संध्याकाळी एका मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, तुमचा मान आहे गावात. आता या वयात कशाला?"

'या वयात' हेच शब्द त्या सरांनी मदतनीसबाईला ऐकवले होते, हे त्यांना माहीत नसावं. मी म्हटलं, "या वयातच जमतं, सर. नोकरी जायची भीती नाही." आणि फोन ठेवून दिला.