उलट्या टांगलेल्या बादल्या

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या शेजाऱ्याला बादल्यांचं वेड. तळाला भोक पाडायचं, त्यातून रोप खाली सोडायचं आणि बादली कुंपणालगतच्या दांड्याला टांगायची. बोलायला लागला की आधी "लिसन, बडी" म्हणणार. पहिल्या वर्षी टोमॅटो होते. यंदा एकच बादली टोमॅटोची, बाकीच्यांची पानं बघून मी दोन पावलं मागे सरलो. गांजा!

"लिसन, बडी... इट्स लीगल."

राज्यात लीगल आहे, ते मलाही ठाऊक होतं. पण ग्रीन कार्ड देणारं सरकार केंद्राचं, त्याच्या लेखी गांजा अजून गुन्हाच, आणि ग्रीन कार्डाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी बजावलं होतं, "हातसुद्धा लावू नका." आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. इथवर स्वतःच्या हिमतीवर आलोय, पाल्यापायी परत जाणार नव्हतो.

एका सकाळी बघतो तर गावाहून आलेली आई कुंपणाशी उभी, हात थेट बादलीकडे.

"आई, हात काढ!"

"ओरडतोस काय? अंबाडी आहे. शेजारचे काका नाही म्हणायचे नाहीत, भाजीपुरती खुडते."

ती अंबाडी नाही, हे सांगत मी तिला मागे ओढलं. शेजारी खिडकीतून बघत होता. दुपारी दुखऱ्या गुडघ्याने लंगडत त्याने एकेक बादली गॅरेजपलीकडे नेली. कुंपणाशी एकच ठेवली, टोमॅटोची.

"लिसन, बडी... फॉर मॉम."

मी त्याला थँक्यू म्हणालो. पण त्याआधी रस्त्यावर कोणी बघत नाही ना, ते दोनदा तपासलं.