खाकी कव्हरे

मुलीने अमेरिकेतून आणलेल्या जुन्या कॉमिक्सना मी काल खाकी कव्हरे घालत बसलो होतो. घरात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालायची माझी सवय जुनीच. पण या वेळी पुस्तके जपायची नव्हती, मुखपृष्ठांवरची उघडीनागडी माणसे पाहुण्यांपासून झाकायची होती.

"बाबा, वर 'भूगोल, इयत्ता सातवी' असंही लिहून टाका," चित्रकला शिकणारी माझी लेक म्हणाली आणि तिने स्वतःचे चित्र पालथे केले. अलीकडे मी जवळ आलो की ती चित्र झाकते. ते मनाला लागते.

साठच्या दशकात तिकडचे नेहमीचे विक्रेते असले अंक ठेवायला धजत नव्हते, तेव्हा चित्रकारांनीच ते छापले, हाताने पिना मारल्या आणि चिलमी नि पोस्टरे विकणाऱ्या दुकानांतून खपवले. त्यांत ओंगळ आणि क्रूरही पुष्कळ आहे. तरी पाने चाळताना जाणवत राहिले, की ही माणसे सर्वांत आधी स्वतःला हसली आहेत: स्वतःच्या सुटलेल्या पोटाला, भित्रेपणाला, वासनेला. मी मात्र आयुष्यभर कव्हरेच घालत आलो.

हातातले कव्हर मी काढून ठेवले. "माझं चित्र काढतेस?"

"जसे आहात तसे काढीन हं."

मी समोर बसलो, सवयीने पोट आत ओढून. तिने पेन्सिल उचललीच नाही. नुसती पाहत राहिली. अखेर मी श्वास सोडला, आणि कागदावर पेन्सिलीचा आवाज सुरू झाला.