हिरवा चौकोन

गणपतीपुळ्याच्या हरिश्चंद्राच्या मालकीच्या चार खोल्या आहेत आणि राहायला पत्र्याची पडवी. राहतं घर होतं, त्याचीच पाहुण्यांना भाड्याने द्यायची चौथी खोली झाली. ही अक्कल मुंबईच्या चिरंजीवांची, भावेशची. त्यानेच खोल्यांची वेबसाइट काढली आणि तिच्यात एक्सेलची शीट बसवली. हिरवा चौकोन म्हणजे खोली रिकामी, लाल म्हणजे भरलेली. आरंभी हरिश्चंद्रालाही तिच्यात लिहिता येई. पण एकदा मोबाइलला लागलेलं खोबरेल त्याने पंच्याने पुसलं आणि पुसता पुसता साताऱ्याचं एक अख्खं कुटुंबच पुसून टाकलं. तेव्हापासून भावेशने त्याला नुसतं बघण्याची परवानगी ठेवली. चौकोनावर कितीही बोट आपटा, अक्षर उमटत नसे. शेजाऱ्यांना मात्र तो सांगे, ऑनलाइनचं सगळं मीच बघतो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्याची थोरली बहीण हौसा बुरोंडीहून रत्नागिरीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. काही दिवस चुलीच्या धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. पडवीतही चूलच पेटायची, म्हणून हरिश्चंद्राने तिला चौथी खोली कबूल केली आणि भावेशला फोन करून आत्याचं नाव लिहायला सांगितलं. 'टाकतो, बाबा,' भावेश म्हणाला.

संध्याकाळी चौकोन लाल झाला. हरिश्चंद्र हरखला. सकाळी त्याने गादी उन्हात घातली, शेजारणीला पेजेचं सांगून ठेवलं. लाल रंगाखाली नाव कोणाचं, हे उघडून बघायचं त्याला सुचलंच नाही. बघण्यावर नेमलेला माणूस तेवढंच बघायचं विसरला.

दुपारी रिक्षातून काळा चष्मा लावलेली हौसा उतरली आणि तिच्यामागोमाग गाडीतून कोल्हापूरचं जोडपं. त्यांच्या मोबाइलवर चौथ्या खोलीची पावती होती. बाकीच्या तिन्ही खोल्या भरलेल्याच होत्या. हरिश्चंद्राने फोन लावला. भावेश म्हणाला, नाव लिहिणार तेवढ्यात त्यांचे पैसे जमा झाले. आता नाही म्हटलं तर लोक वाईट रिव्ह्यू लिहितील. आत्या घरचीच आहे, समजून घेईल.

'हो. आत्याला रिव्ह्यू लिहिता येत नाही,' हरिश्चंद्र म्हणाला. पण तोवर फोन कट झाला होता.

'खोल्या तुझ्याच ना रे, हरी?' हौसाने विचारलं.

त्याने जोडप्याच्या हातात किल्ली दिली, त्यांची बॅग उचलली आणि खाली मान घालून आत नेऊन ठेवली. बाहेर आला, तर हौसा पुन्हा रिक्षात बसली होती.

'स्टँडवर सोड बाबा,' ती रिक्षावाल्याला सांगत होती. 'धूर तर धूर. चूल माझी हाय.'